गुन्हा कोणता, हे विचारण्याचा अधिकार

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले हे व्याख्यान. संपादक मंडळाच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्ये फारशी बदललेली नाहीत.)



 

समितीने मला विषय दिला 'राष्ट्रीय सुरक्षा आणि नागरिकांचे स्वातंत्र्य'. विषय ऐकून समोरच्या काही आयाबायांच्या कपाळावर आठ्या पडल्याचे मला इथून दिसते आहे. वंदना झाली, परित्राण पाठ झाला, आता खिरीच्या वेळेला हा कोर्टकचेरीचा विषय कशाला, असे वाटणे साहजिक आहे. तेव्हा मी कायद्याच्या पुस्तकापासून सुरुवात करीत नाही. आपल्याच वस्तीतल्या एका माउलीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्या घरी आली. धुणीभांडी करणारी. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत दोनशेच्या वर पाने. मुलाला पहाटे घरातून नेले होते आणि तो दूरच्या एका कारागृहात होता. मला वाटले, जामिनाचे प्रकरण असेल. कागद उघडले तर तो एम.पी.डी.ए.खालचा स्थानबद्धतेचा आदेश. पोराच्या नावावर हाणामारीचे दोन गुन्हे, दोन्हींत जामीन झालेला. शिवाय दोन गुप्त साक्षीदारांचे जबाब. नाव नाही, गाव नाही, "हा इसम चाकू दाखवतो, लोक दारे लावून घेतात" एवढेच. बाईने मला एकच प्रश्न केला, "साहेब, त्याचा गुन्हा कोणता?"

मी वकील माणूस, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. कारण खरे उत्तर असे होते की, "बाई, गुन्हा कोणताच नाही. तो पुढे काहीतरी करील अशी भीती अधिकाऱ्याला वाटते, म्हणून तो आत आहे. आणि बारा महिन्यांपर्यंत राहू शकतो. खटला चालणार नाही. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता येणार नाही. सल्लागार मंडळापुढे तुमचा वकीलही उभा राहणार नाही."

ती म्हणाली, "असा पण कायदा असतो?"

असतो. त्याला प्रतिबंधक स्थानबद्धता म्हणतात. एम.पी.डी.ए. हा आपल्या राज्याचा १९८१ चा कायदा. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती यांच्यासाठी केलेला. राष्ट्रीय सुरक्षा कायदा, म्हणजे रासुका, हा १९८० चा, केंद्राचा. एक धाकटा भाऊ, एक थोरला. पण दोघांची आई एकच, आणि ती आपल्या संविधानात आहे, अनुच्छेद २२ मध्ये. हे बोलताना जीभ जड होते, कारण संविधान म्हटले की आपल्याला बाबासाहेब दिसतात. म्हणून त्याविषयी सरळच बोलले पाहिजे. झाकून ठेवून चालणार नाही.

मूळ मसुद्यात कोणाचेही जीवित वा स्वातंत्र्य हिरावायचे तर ते 'योग्य कायदेशीर प्रक्रियेनेच', असा शब्दप्रयोग होता. घटना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला गेले, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले. असे शब्द घातले तर न्यायाधीश संसदेच्या डोक्यावर बसतील, असा सल्ला मिळाला आणि शब्द बदलले. 'कायद्याने प्रस्थापित केलेली प्रक्रिया' असे झाले. फरक बारीक वाटतो, पण तसा तो नाही. पहिल्या शब्दांत कायदा न्याय्य आहे की नाही ते कोर्ट तपासू शकते. दुसऱ्यात कायदा आहे ना, मग झाले.

डिसेंबर १९४८ मध्ये या प्रश्नावर घटना समितीत बाबासाहेबांनी दोन्ही बाजू मांडल्या. बहुमतवाल्या पक्षाच्या लहरीवर कायदेमंडळ चालण्याची भीती एकीकडे, पाचसहा न्यायाधीशांच्या वैयक्तिक मतावर सगळे सोपवण्याची भीती दुसरीकडे. आपली अडचण त्यांनी लपवली नाही. निर्णय सभागृहावर सोपवला आणि सभागृहाने पहारा सैल केला. लोकांत नाराजी पसरली. तेव्हा १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी नवा अनुच्छेद आणला, आजचा २२ वा. अटकेची कारणे सांगा, वकील करू द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करा. आधीच्या अनुच्छेदात जे गेले त्याची ही भरपाई आहे, अशा अर्थाचे ते बोलले. आणि त्याच अनुच्छेदात स्थानबद्धतेलाही जागा दिली, पण तिला कुंपण घालून. तीन महिन्यांच्या वर ठेवायचे तर सल्लागार मंडळ हवे. कारणे कळवली पाहिजेत, आणि निवेदन करण्याची संधी दिली पाहिजे.

त्या चर्चेत महावीर त्यागी म्हणाले की, मसुदा समितीच्या लोकांनी तुरुंगवास भोगला असता तर बरे झाले असते. बाबासाहेबांनी तिथल्या तिथे उत्तर दिले की, यापुढे तो अनुभव घेण्याचा प्रयत्न करीन! सभागृह हसले असेल. मला मात्र तो प्रसंग वाचताना दरवेळी वाटते, फाळणीची आग विझलेली नव्हती, हैदराबाद नुकतेच सामील झाले होते, अशा वेळी हा माणूस सरकारच्या हातात काठीही देतो आहे आणि काठीला दोरही बांधतो आहे. काठी देणे चुकले का? माझे मत विचाराल तर, शांततेच्या काळात बिनाखटल्याची कैद संविधानात असायला नको होती. हे मत बाबासाहेबांचा अनुयायी म्हणूनच मांडतो. चिकित्सा करू नका असे त्यांनी आपल्याला कधीही शिकवले नाही.

आता भन्तेजींच्या समोर थोडे धाडस करतो. चुकलो तर त्यांनी दुरुस्त करावे. विनयपिटकात चुल्लवग्गात समथखंधक म्हणून भाग आहे. भिक्षुसंघातले वाद मिटवायचे सात मार्ग त्यात आहेत, आणि पहिला आहे सम्मुखाविनय. कथा अशी की, सहा भिक्षूंची एक टोळी होती, छब्बग्गिय. ते गैरहजर भिक्षूंवर त्यांच्या माघारी कारवाई करून मोकळे होत. तक्रार भगवंतांकडे गेली. भगवंतांनी नियम केला की, जो समोर नाही त्याच्यावर कारवाई करायची नाही. संघ समोर हवा, धम्म-विनय समोर हवा, आणि ती व्यक्तीही समोर हवी. त्याच खंधकात आणखी एक मार्ग आहे, पटिञ्ञातकरण. भिक्षूने केलेला दोष एक, कबूल केला दुसरा, आणि कारवाई त्या दुसऱ्यावर झाली, तर ती कारवाई धम्माप्रमाणे नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आणि आपल्या काळातला टाडा शेजारी ठेवून बघा. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालेल, असे टाडात होते. १९९४ च्या कर्तारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते कलम उचलून धरले, काही अटी घातल्या. न्या. के. रामस्वामी आणि न्या. सहाय या दोघांनी मात्र या कलमाला नकार दिला. संघाच्या कामकाजात संसदीय नियम होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात देशाला सांगितले होते. संघात आरोपीचे हक्कही होते, हे आपण सांगायला हवे.

असो. संविधान लागू झाले २६ जानेवारी १९५० ला. महिना उलटायच्या आत, २५ फेब्रुवारीला, प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा मंजूर झाला. शाई वाळली नव्हती म्हणा ना! मद्रासच्या तुरुंगातून ए. के. गोपालन हे कम्युनिस्ट नेते सर्वोच्च न्यायालयात गेले. मे १९५० मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. प्रक्रिया कायद्यात लिहिली आहे, मग ती न्याय्य आहे का हे आम्ही बघणार नाही, असा बहुमताचा सूर. न्या. फझल अली एकटे वेगळे बोलले. पण एक कलम कोर्टाने उडवले. स्थानबद्धतेची कारणे न्यायालयालाही सांगायची नाहीत, असे ते कलम होते. म्हणजे पहिल्या झुंजीत सरकार जिंकले, पण कागद कोर्टापासून लपवण्याची मुभा मात्र त्याला मिळाली नाही. पुढची सगळी लढाई या कागदावर झाली आहे. आपल्या महाराष्ट्रातल्याच १९६२ च्या हरिकिसन प्रकरणात स्थानबद्धाला कारणे इंग्रजीत दिली. त्याला हिंदी येत होते. पोलिसांनी तोंडी समजावले होते, असे सरकार म्हणाले. कोर्ट म्हणाले, तोंडी चालणार नाही. त्याला समजेल त्या भाषेत लिहून द्या. आणि आदेश रद्द झाला.

या सगळ्या प्रवासात मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो १९६५ चा राममनोहर लोहिया यांचा निकाल. पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने डॉ. लोहियांना भारत संरक्षण नियमांखाली आत टाकले. नियमात शब्द होते 'सार्वजनिक सुव्यवस्था'. आदेशात लिहिले 'कायदा व सुव्यवस्था'. तुम्ही म्हणाल, एवढ्यातेवढ्याने काय बिघडते? न्या. हिदायतुल्ला यांनी त्यावर तीन वर्तुळांची उपमा दिली. सगळ्यांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे. त्याच्या पोटात सार्वजनिक सुव्यवस्थेचे. आणि अगदी आत, सगळ्यांत लहान, राज्याच्या सुरक्षेचे. बाहेरच्या वर्तुळाला धक्का लागला म्हणजे आतल्याला लागलाच असे नाही.

आपल्या भाषेत सांगतो. नळावर दोन घरांची भांडणे झाली, एकाचे डोके फुटले. हा कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न. गुन्हा नोंदवा, खटला चालवा. कोणी टोळके तलवारी घेऊन बाजारात फिरले, आठवडाभर दुकाने उघडली नाहीत, पोरे शाळेत गेली नाहीत, तर ती सार्वजनिक सुव्यवस्था. आणि कोणी सीमेपलीकडून शस्त्रे आणून शहरावर हल्ला केला, तर ती राज्याची सुरक्षा. प्रत्येक वर्तुळासाठी वेगळे हत्यार आहे. नळावरच्या भांडणाला आतल्या वर्तुळाचे हत्यार वापरायचे नाही, एवढेच तो निकाल सांगतो. साठ वर्षे झाली त्याला. आजही उच्च न्यायालयात एम.पी.डी.ए.चे आदेश बहुतेक याच मुद्द्यावर कोसळतात.

त्या माउलीच्या मुलाचाही कोसळला. याचिका एका ज्येष्ठ वकिलांनी फी न घेता चालवली. मी मागे कागद घेऊन बसलो होतो. दोन व्यक्तींतली भांडणे ही सार्वजनिक सुव्यवस्था नव्हे, शिवाय त्याच्या निवेदनाचा विचार करायला झालेल्या उशिराचे कारण सांगता आलेले नाही, असे न्यायालय म्हणाले. आदेश रद्द. मी आनंदाने फोन केला. पण तोवर आठ महिने झाले होते. बारापैकी आठ! कारखान्यातली जागा गेली, ठरलेले लग्न मोडले. बाई म्हणाली, "जिंकलो ना साहेब?" मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

न्यायालये तोल सांभाळतात, असे आपण भाषणात म्हणतो. पण कोर्टात गेलेल्याला माहीत असते की, हा तोल बहुतेक वेळा माणूस भोगून झाल्यावर येतो. आणि एकदा तर तो आलाच नाही.

२५ जून १९७५ ला आणीबाणी. मिसाखाली हजारो माणसे आत. २७ जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला की, अनुच्छेद १४, २१ आणि २२ साठी कोर्टात जाता येणार नाही. तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले, आम्ही याचिका ऐकू. आदेश कायद्याप्रमाणे आहे की नाही एवढे तरी बघू. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. जबलपूरचे हे प्रकरण. न्या. एच. आर. खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले की, एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले, तरी दाद नाही का? उत्तर आले, आणीबाणी आहे तोवर नाही.

२८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला. चार विरुद्ध एक. सरन्यायाधीश रे, न्या. बेग, न्या. यशवंतराव चंद्रचूड, न्या. भगवती हे सरकारच्या बाजूने. खन्ना एकटे. जीविताचा हक्क संविधानाने दान दिलेला नाही, संविधान नसते तरी कायद्याच्या राज्यात कोणाचा जीव मनमानीने घेता येत नाही, असा त्यांच्या मताचा गाभा. त्याची किंमत त्यांनी मोजली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले, आणि खन्नांनी राजीनामा दिला. बहुमतातले चंद्रचूड आपल्या पुण्याचे. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात तो निकाल पुसून टाकला, तेव्हा ती ओळ लिहिणारे त्यांचेच चिरंजीव, न्या. धनंजय चंद्रचूड होते. बापाची चूक मुलाने दुरुस्त केली म्हणून वर्तमानपत्रांनी कौतुक केले. कौतुक ठीक आहे. पण मधे ४१ वर्षे गेली.

आणीबाणीनंतर दोन गोष्टी चांगल्या झाल्या. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात कोर्ट म्हणाले, प्रक्रिया नुसती असून भागणार नाही, ती न्याय्य आणि वाजवी पाहिजे. १९४८ ला जो शब्द दारातून बाहेर काढला तो खिडकीतून आत आला. आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरवले की, यापुढे आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ गोठवता येणार नाहीत. पण त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम होते, त्याची चर्चा कोणी करीत नाही. सल्लागार मंडळाशिवाय ठेवण्याची मुदत तीन महिन्यांची दोन महिने करायची, आणि मंडळावर उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने न्यायाधीश नेमायचे, असे ते कलम. संसदेने मंजूर केले. राष्ट्रपतींची सही झाली. फक्त ते अमलात आणायची तारीख सरकारने जाहीर करायची होती. ती तारीख आजपर्यंत निघाली नाही! जनता पक्ष, काँग्रेस, आघाड्या, भाजप, सगळे येऊन गेले. ए. के. रॉय यांनी रासुकाला आव्हान दिले तेव्हा हा मुद्दा कोर्टापुढे आला होता. सरकारला तारीख काढायला आम्ही भाग पाडू शकत नाही, असे बहुमताने सांगितले गेले. सत्तेवर कोण आहे यावर हा प्रश्न ठरत नाही, याला आणखी पुरावा कशाला हवा?

मग टाडा आला, १९८५ ला. पंजाबसाठी म्हणून आला आणि सगळ्या देशात पसरला. १९९५ ला संपला. २००२ ला पोटा, २००४ ला तोही संपला. संपला म्हणजे काय, त्यातला बराचसा भाग १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, यु.ए.पी.ए.मध्ये, जाऊन बसला. टाडा, पोटाला मुदत होती, दर काही वर्षांनी संसदेपुढे यावे लागे. या कायद्याला मुदत नाही.

मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ ला हल्ला झाला. त्यानंतर महिनाभरात या कायद्यात कलम ४३ड आले. आरोप प्रथमदर्शनी खरा मानायला वाजवी कारण आहे असे आरोपपत्रावरून वाटले, तर जामीन नाही. आरोपपत्र कोण लिहितो? पोलीस. २०१९ च्या वटाली निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची फार चिरफाड करू नका. खालच्या कोर्टांनी यातून जामीन न देणे एवढेच शिकून घेतले. २०२१ च्या नजीब प्रकरणात त्याच न्यायालयाने दार किलकिले केले. खटला लवकर संपण्याची आशा नसेल आणि माणूस वर्षानुवर्षे आत असेल, तर हे कलम असूनही संविधानिक न्यायालये जामीन देऊ शकतात. जुलै २०२३ मध्ये व्हर्नन गोन्साल्विस प्रकरणात आणखी पुढे गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुरविंदरसिंग प्रकरणात मागे आले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये जलालुद्दीन खान प्रकरणात पुन्हा म्हणाले की, जामीन हाच नियम, विशेष कायद्यांतही. आता सांगा, वकिलाने अशिलाला काय सांगावे? तुमचे प्रकरण कोणत्या खंडपीठापुढे लागते ते बघू, असे?

भीमा-कोरेगावविषयी बोलल्याशिवाय हा विषय या विहारात पुरा होणार नाही. १ जानेवारी २०१८ ला मानवंदना द्यायला गेलेल्या आपल्या माणसांवर दगड पडले. नंतर पुण्याच्या एल्गार परिषदेच्या प्रकरणात यु.ए.पी.ए. लागला आणि एकंदर सोळा जण आत गेले. आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला शरण गेले. तारीख लक्षात घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२२ ला जामीन दिला. दहशतवादी कृत्याचा प्रथमदर्शनी पुरावा दिसत नाही, असे म्हटले. ते बाहेर आले २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी. फादर स्टॅन स्वामी मात्र बाहेर आले नाहीत. ८४ वर्षांचे, कंपवाताने हात थरथरणारे. पाणी प्यायला नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला, जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयापुढे असतानाच, इस्पितळात ते वारले. आणि 'विद्रोही'चे सुधीर ढवळे. २०११ ला पहिल्यांदा पकडले, तीन वर्षांवर आत ठेवले, २०१४ ला निर्दोष सुटले. २०१८ ला पुन्हा. जानेवारी २०२५ मध्ये जामीन मिळाला तेव्हा साडेसहा वर्षे झाली होती, साक्षीदार तीनशेहून अधिक, आणि आरोप निश्चितच झालेले नव्हते. या सगळ्यांच्या विचारांशी मी सहमत आहे असे नाही. काहींच्या विचारांशी माझे कडाक्याचे मतभेद आहेत. पण मतभेद हा गुन्हा नाही, आणि आरोप म्हणजे शिक्षा नाही.

आता दुसरी बाजू. कोणी तरुण मित्र उठून विचारील की, वकीलसाहेब, बॉम्ब फुटतात तेव्हा मरतो कोण? लोकलच्या दुसऱ्या वर्गात आपलीच माणसे असतात. अगदी बरोबर. सुरक्षितता ही काही श्रीमंतांची चैन नाही, आपल्याला ती जास्त हवी आहे. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. मोक्काखाली खटला चालला. २०१५ ला बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशी. आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, पुरावा टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी सांगितले की, सुटलेल्यांना परत आत घालणार नाही, पण या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत देऊ नका. विचार करा. १९ वर्षे माणसे आत. आणि ज्या घरातला कर्ता गेला त्या घराला आज कोणी सांगू शकतो का, बॉम्ब कोणी ठेवला? कबुलीजबाबावर भिस्त ठेवणाऱ्या कायद्याने तपास आळशी होतो, हे माझे म्हणणे आहे. कैद्यांचे स्वातंत्र्यही गेले आणि मृतांचा न्यायही गेला.

याउलट कसाबचे बघा. त्याला वकील दिला, तेव्हा लोक चिडले होते. मीही चिडलो होतो. पण चित्रफिती, साक्षी, हत्यारे, सगळे उघड्या पुराव्याने सिद्ध झाले. सर्वोच्च न्यायालयात त्याच्या बाजूने ज्येष्ठ वकील नेमले गेले. ऑगस्ट २०१२ मध्ये फाशी कायम झाली, नोव्हेंबरात अंमलबजावणी. जगात कोणी बोट दाखवू शकले नाही. इथे कोणता हक्क सुरक्षेच्या आड आला?

जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्यावर बारा हजारांच्या वर सूचना आल्या होत्या. आपल्या वस्तीतून किती गेल्या होत्या? मी तरी एकही पाहिली नाही. मोर्चाला आपण येतो. हरकत लिहून पाठवायला येत नाही. हा राग तुमच्यावर नाही, माझ्यावरच आहे. मी वकील असून मसुदा इथे वाचून दाखवला नाही.

"तांत्रिक मुद्द्यावर सुटला" असे लोक नाक मुरडून म्हणतात. तारीख चुकली, भाषा चुकली, निवेदनाला उत्तर उशिरा दिले, म्हणून सुटला. बंधूंनो, ज्याला खटलाच दिलेला नाही त्याच्याजवळ तांत्रिक मुद्द्याशिवाय आहे काय? अनुच्छेद ३२ ला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले. तो आत्मा असल्याच तारखांच्या आणि कागदांच्या आधाराने वावरतो.

म्हणून शेवटी कागदाचेच बोलतो. ६ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईच्याच एका प्रकरणात, सांगितले आहे की, कोणताही गुन्हा असो, अटकेची कारणे अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत. तत्काळ शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी. त्या खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई. अमरावतीचे, आपल्यातले. हे ऐकून टाळ्या वाजवाल हे मला माहीत होते. वाजवा. पण हा निकाल पोलीस ठाण्यात रात्री दोन वाजता आपोआप चालत जात नाही. तो कोणीतरी तिथे सांगावा लागतो.

समितीशी बोलून एक ठरवले आहे. दर रविवारी वंदनेनंतर विहाराच्या मागच्या खोलीत मी आणि आमच्यातले दोन तरुण वकील बसणार आहोत. एक वही ठेवली आहे. कोणाच्या घरातून माणूस नेला तर तीत चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता नेले, कोणी नेले, कोणता कागद दिला, आणि पहिल्यांदा कोर्टापुढे कधी उभे केले. अक्षर कसेही असले तरी चालेल. कागद दिला तर त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढायची, मूळ प्रत कोणाला द्यायची नाही. माझा आणि त्या दोघांचा फोन नंबर विहाराच्या फळ्यावर खडूने लिहिला आहे. पुसू नका, पोरांना सांगा. ती माउली आज इथे मागे बसली आहे. वहीचे पहिले पान तिच्या मुलाने आखून दिले आहे.

खिरीला उशीर झाला. थांबतो. जयभीम!